खांदा निखळलाय, रात्री भूलतज्ज्ञ नाही : ग्रामीण रुग्णालयात कसा बसवायचा, आणि पुढे ऑपरेशन कोणाला लागतं?

ग्रामीण_एमओ

नमस्कार. आमचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. एक्स-रे आहे, सी-आर्म (काम चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) नाही. भूलतज्ज्ञ ठरलेल्या दिवशीच येतात. जिल्हा रुग्णालय गाडीनं दोन तासांवर. कबड्डीचे सामने सुरू झाले की निखळलेले खांदे येऊ लागतात, आणि एरवी मोटरसायकलवरून पडलेले असतातच. प्रत्येकाला १०८ मध्ये घालून पाठवलं तर तो पोरगा आणखी तीन तास कळा सोसतो. म्हणून शक्य तो खांदा इथेच बसवायचा आहे, पण नीट.

कॉलेजात खांदा बसवायची कोकर पद्धत शिकवली होती. तिच्यात हाड मोडल्याचंही ऐकून आहे. एक डॉक्टर आणि एक सिस्टर एवढ्या मनुष्यबळावर, पूर्ण भूल न देता कोणती पद्धत धरावी? सांध्यात लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) द्यायचं तर किती, कुठून? आणि कोणत्या खांद्याला इथे हातच लावू नये?

शेवटचा प्रश्न पालकांचा. १९ वर्षांचा कबड्डीपटू, खांदा दुसऱ्यांदा निघालेला. "ऑपरेशन करावंच लागेल का, की पट्ट्यावर भागेल?" याला नेमकं काय उत्तर द्यावं?

अस्थिरोग_कोल्हापूर

डॉक्टर, निखळलेल्या खांद्यांत पुढच्या बाजूला निखळलेले ९५ टक्क्यांच्या आसपास असतात. त्यामुळे आधी त्यांच्याबद्दल लिहितो.

हात लावण्याआधीची तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती चुकवू नका. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, डेल्टॉइडच्या (खांद्यावरच्या गोल स्नायूच्या) मध्यावर, कापूस फिरवून स्पर्श कळतो का पाहा. ते अ‍ॅक्सिलरी नर्व्हचं (काखेतून येणाऱ्या नसेचं) क्षेत्र. रुग्णाला कोपर बाहेर ढकलायला सांगा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी डेल्टॉइड आवळतो का ते चाचपा. मनगट वर उचलणं, बोटं पसरणं, अंगठा-तर्जनीचं वर्तुळ करणं हेही तपासा. रेडियल नाडी बघा. म्हाताऱ्या माणसाची नाडी लागली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. काखेतली धमनी फाटली तरी भोवतालच्या छोट्या वाहिन्यांमुळे मनगटात नाडी लागू शकते. काखेत वाढत जाणारी सूज आणि गार पडलेला हात दिसला तर ताबडतोब व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या ठिकाणी पाठवा. हे सगळं वेळेसकट केसपेपरवर लिहा. बसवल्यानंतर नस बधिर असल्याचं लक्षात आलं आणि आधीची नोंद नसेल, तर ती इजा कशानं झाली हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

एक्स-रे आधीच काढा. वारंवार निखळणाऱ्या तरुणात, मार न लागता खांदा निघाला असेल तर कधी आधी बसवून मग फोटो काढला तरी चालतो. पहिलीच वेळ, जोराचा मार किंवा चाळिशीपुढचं वय यांपैकी काहीही असेल तर फोटोशिवाय ओढू नका. दंडाच्या हाडाच्या मानेला, म्हणजे त्याच्या गोल डोक्याखालच्या भागाला, न सरकलेली भेग असते, फोटो नसला की ती दिसत नाही. मग ओढताना डोकं जागेवरच राहतं आणि खालचं हाड वेगळं होऊन हातात येतं.

आता पद्धत. तुमच्या परिस्थितीत मी बाह्यवर्तनाची पद्धत पहिली धरेन. रुग्ण उताणा, दंड छातीला टेकलेला, कोपर ९० अंशांत. एका हातानं कोपर अंगालगत धरा, दुसऱ्यानं मनगट धरून पुढचा हात अगदी हळू बाहेरच्या बाजूला झुकू द्या. ढकलायचं नाही, हाताच्या वजनानंच तो जाऊ द्यायचा. दुखलं की थांबा, स्नायू सैल पडेपर्यंत वाट पाहा, मग पुढचे ५-१० अंश. यात ५ ते १० मिनिटं जातात आणि ती द्यावीच लागतात. बहुतेक खांदे ७० ते ११० अंशांच्या दरम्यान बसतात, आणि बऱ्याचदा 'खट्' आवाज होतच नाही. आवाजाची वाट बघत जोर वाढवत राहणं ही इथली नेहमीची चूक.

पूर्ण बाह्यवर्तन होऊनही बसला नाही तर तोच हात त्याच स्थितीत ठेवून हळूहळू बाजूनं वर, डोक्याकडे न्या आणि काखेतून अंगठ्यानं हाडाचं डोकं वर-बाहेर लोटा. ही मिल्चची पद्धत. दोन्ही सलग होतात, रुग्णाला हलवावं लागत नाही.

फारेस हा दुसरा चांगला पर्याय. रुग्ण उताणा, कोपर सरळ, तळवा आतल्या बाजूला. मनगट धरून लांबीच्या दिशेनं हलकी ओढ. उलटी ओढ देणारा माणूस लागत नाही, म्हणून एकट्याला जमते. ओढ कायम ठेवून हात आडव्या पातळीच्या साधारण ५ सेंमी वर आणि ५ सेंमी खाली, सेकंदाला दोन-तीन वेळा हलवत राहा आणि त्याच वेळी हात बाजूला उघडत न्या. ९० अंशांच्या पुढे गेल्यावर तळवा वर येईल असं बाह्यवर्तन द्या. साधारण १२० अंशांपर्यंत बसतो. त्या सततच्या हलण्यामुळे आवळलेले स्नायू सैल पडतात.

कोकरबद्दल. १८७० च्या मूळ वर्णनात ओढ नाहीच. दंड अंगाला, सावकाश बाह्यवर्तन, मग दंड पुढून वर उचलणं, आणि शेवटी आत फिरवणं. पुढे कोणीतरी त्यात ओढ घातली आणि घाईनं पिळणं सुरू झालं. हाडाच्या डोक्याला पडलेली खाच ग्लेनॉइडच्या (खांद्याच्या वाटीच्या) काठात अडकलेली असताना जोरानं पिळलं तर तो सगळा पीळ दंडाच्या हाडावर येतो आणि ते सर्पिलाकार मोडतं. ठिसूळ हाडांच्या बायकांत ही भीती सर्वांत जास्त, तिथे कोकर नकोच. काखेत टाच देऊन ओढणं पूर्ण सोडून द्या, तो दाब नेमका नसा आणि धमनीवर येतो.

स्टिमसनची पद्धत गर्दीच्या वेळी उपयोगी. रुग्ण पालथा, हात खाटेच्या कडेवरून लोंबता, मनगटाला पट्ट्यानं ४-५ किलो वजन बांधलेलं. वजन मुठीत द्यायचं नाही, मूठ आवळली की अख्खा हात ताठतो. २०-३० मिनिटं. जोडीला खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक अंगठ्यांनी मणक्याकडे ढकला. गुंगीचं औषध दिलेल्याला मात्र पालथं झोपवायचं नाही.

दोन प्रयत्न, दोन वेगळ्या पद्धतींनी. नाहीच बसला तर पाठवा. तिसऱ्या प्रयत्नात फक्त जोर वाढतो.

बसल्यावर रुग्णाचा पंजा विरुद्ध बाजूच्या खांद्यावर ठेवून कोपर छातीला टेकतं का पाहा. नसांची तपासणी पुन्हा, नोंद पुन्हा, एक्स-रे पुन्हा.

भूलतज्ज्ञ_सोलापूर

सरांनी पद्धती सविस्तर दिल्यात, मी औषधांचं लिहिते.

सांध्यात १ टक्का लिग्नोकेन २० मिली हा नेहमीचा डोस, म्हणजे २०० मिग्रॅ. आपल्याकडच्या ट्रेमध्ये बहुतेक २ टक्क्यांची कुपी असते, आणि घोटाळा तिथेच होतो. तिच्यातून २० मिली भरलं तर ४०० मिग्रॅ जातं. अ‍ॅड्रेनलिनशिवाय कमाल मर्यादा किलोला ४.५ मिग्रॅ आणि एकूण ३०० मिग्रॅ. म्हणून २ टक्क्यांचं १० मिली आणि नॉर्मल सलाइन १० मिली असं मिसळा, सिरिंजवर लिहा, सिस्टरकडून कुपी मोठ्यानं वाचून घ्या. ४५ किलोच्या आतल्या रुग्णाला १५ मिलीच.

जागा : हाडाचं डोकं सरकल्यामुळे अ‍ॅक्रोमियनच्या (खांद्यावरच्या हाडाच्या टोकाच्या) खाली बाहेरच्या बाजूला खड्डा पडलेला असतो. अ‍ॅक्रोमियनच्या बाहेरच्या कडेपासून २ सेंमी खाली, त्या खड्ड्यात, दीड इंची २१ नंबरची सुई ग्लेनॉइडच्या दिशेनं किंचित खाली रोखून. त्वचा स्पिरिट-बीटाडिननं नीट साफ, निर्जंतुक हातमोजे. आधी ओढून बघा, सांध्यातलं काळपट रक्त आलं तर जागा बरोबर आहे. ते काढून टाका, मग औषध सावकाश द्या. नंतर १५-२० मिनिटं थांबा. पाच मिनिटांत ओढायला गेलात तर औषध लागूच पडलेलं नसतं आणि मग "सांध्यातल्या इंजेक्शनचा काही उपयोग नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खांदा निघून बरेच तास झाले असतील तर आत रक्त साकळतं आणि परिणाम कमी मिळतो, हे धरून चाला. तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, जिभेवर धातूची चव असं रुग्ण सांगू लागला तर इंजेक्शन तिथेच थांबवा.

गुंगी देणार असाल तर एक माणूस फक्त श्वासाकडे बघणारा हवा. खांदा बसवणारा डॉक्टर तो माणूस नव्हे. ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग, पल्स ऑक्सिमीटर उशाशी, शिरेत सुई लावलेली. केटामिन ०.५ ते १ मिग्रॅ प्रतिकिलो, मिनिटभरात सावकाश. मिडॅझोलाम आणि फेंटॅनिल एकत्र देणं तुमच्या ठिकाणी टाळाच. खरा धोका खांदा बसल्यानंतर सुरू होतो. वेदना होती तोवर ती रुग्णाला जागं ठेवत होती, ती एकदम गेली की श्वास मंदावतो. सगळे जण तेव्हा एक्स-रेच्या मागे लागलेले असतात. पुढचा अर्धा तास ऑक्सिमीटर बोटावरच राहू द्या.

ग्रामीण_एमओ

फार उपयोगी. फऱ्याचं टोक आणि लिग्नोकेन दोन्ही लिहून भिंतीवर लावतो. मागे निखळलेला खांदा आणि जुना, हाडवैद्याकडे चोळून आलेला खांदा यांबद्दल कोणी सांगेल का? आमच्याकडे काखेतला फोटो घेता येत नाही, हात उघडतच नाही रुग्णाचा.

अस्थिरोग_कोल्हापूर

फिट आलेला किंवा विजेचा धक्का बसलेला रुग्ण, खांदा दुखतोय, पुढचा हात पोटावर चिकटलेला आणि बाहेर अजिबात फिरत नाही : मागे निखळलाय असं सिद्ध होईपर्यंत तेच समजा. समोरून घेतलेला फोटो जवळजवळ नॉर्मल दिसतो. हात आत वळलेला असल्यामुळे डोकं गोलमटोल, विजेच्या बल्बसारखं दिसतं, ही त्यातली खूण. दोन्ही खांदे तपासा, फिटमध्ये दोन्हीकडचे निघू शकतात.

हात उघडत नसेल तर वेल्पो फोटो घ्या. हात झोळीतच राहू द्या. रुग्णाला एक्स-रे टेबलाला पाठ करून उभं करा, कॅसेट टेबलावर त्याच्या मागे. त्याला ३० अंश मागे रेलायला सांगा, म्हणजे खांदा कॅसेटच्या वर येईल. किरण वरून सरळ खाली. तुमच्या यंत्रावर हे सहज होईल आणि डोकं पुढे आहे की मागे ते स्पष्ट कळेल.

तीन आठवड्यांपेक्षा जुना खांदा ओढायचाच नाही. ग्लेनॉइडची वाटी तंतुमय ऊतींनी भरलेली असते, हाड वापराअभावी ठिसूळ झालेलं असतं आणि धमनी व नसा भोवतालच्या व्रणाला चिकटलेल्या असतात. ओढला की हाड मोडेल किंवा धमनी फाटेल. त्याला सीटी आणि मोठ्या केंद्रावर उघडून शस्त्रक्रिया. काही दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतचा असेल तर पूर्ण भूल, स्नायू सैल करणारं औषध आणि सी-आर्मखाली एकच हलका प्रयत्न, तोही ऑपरेशनच्या तयारीनिशी.

मानेचं फ्रॅक्चर, मागे निखळलेला, डोक्यावर हात अडकून आलेला, नाडी नसलेला : हे चारही पाठवायचे. मोठ्या उंचवट्याचं, म्हणजे ग्रेटर ट्यूबरॉसिटीचं फ्रॅक्चर असेल आणि मानेला भेग नसेल तर हळुवारपणे बसवता येतो. बहुतेकदा तो तुकडा आपोआप जागेवर येतो. बसवल्यानंतरही ५ मिमीपेक्षा जास्त सरकलेला राहिला तर ऑपरेशन.

आणि चाळिशीपुढच्या रुग्णाला "बसला, आता बरा" म्हणून सोडू नका. तरुणात पुढचं लॅब्रम (वाटीच्या काठाची मऊ कड) फाटतं, या वयात रोटेटर कफ (डोक्याभोवतीच्या स्नायूंच्या कंडरा) फाटतो. आठ-दहा दिवसांनी बोलवा. हात वर उचलता येत नसेल तर त्याचं खापर लगेच अ‍ॅक्सिलरी नर्व्हवर फोडू नका, आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून कफ बघा. फाटलेला कफ पहिल्या काही आठवड्यांत शिवला तर चांगला जुळतो, नंतर तो आक्रसतो आणि स्नायूत चरबी भरते. नस खरंच बधिर असेल तर ती बहुधा ताणलेली असते आणि आपोआप सुधारते. तीन-चार आठवड्यांत काहीच हालचाल नसेल तर ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) करा, तीन महिन्यांत नसेल तर नसांच्या सर्जनकडे पाठवा.

खांदा_सर्जन

कबड्डीपटूच्या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. १९ वर्षं, स्पर्धेतला खेळाडू, अंगाला भिडणारा खेळ, दुसऱ्यांदा निखळलेला. त्यांना स्पष्ट सांगा की खेळ चालू ठेवायचा असेल तर नुसत्या पट्ट्यावर हा खांदा टिकण्याची शक्यता कमी आहे. पट्टा तीन आठवडे बांधा नाही तर सहा, फाटलेलं लॅब्रम ग्लेनॉइडच्या मानेवर आत सरकून चिकटतं, काठावर नाही. म्हणून पट्ट्याचे आठवडे वाढवून फायदा होत नाही.

ऑपरेशन कोणतं, हे मात्र हाड किती झिजलंय त्यावर ठरतं. नुसत्या एमआरआयवर निर्णय घेऊन चुकलेले बँकार्ट (फाटलेलं लॅब्रम परत काठावर शिवण्याचं ऑपरेशन) मी खूप पाहतो, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो.

सीटी थ्रीडी करा, दंडाचं डोकं वगळून ग्लेनॉइड समोरून दिसेल असं चित्र मागा. वाटीच्या खालच्या भागावर बसणारं वर्तुळ काढा. समजा व्यास २६ मिमी आणि पुढचं हाड ४ मिमी गेलंय, तर तूट १५ टक्के. ग्लेनॉइड ट्रॅक (डोक्यावरचा वाटीशी टेकणारा पट्टा) म्हणजे व्यासाच्या ०.८३ पट वजा तूट : २१.६ वजा ४, म्हणजे १७.६ मिमी. आता डोक्याच्या मागच्या हिल-सॅक्स खाचेची रुंदी आणि खाच व कफ यांच्यामधला हाडाचा पूल यांची बेरीज घ्या. ती १६ आली तर खाच ट्रॅकच्या आत, २० आली तर बाहेर. बाहेर असलेली खाच हात वर-बाहेर नेला की काठावरून घसरून अडकते. तिथे नुसतं लॅब्रम शिवून काही होत नाही.

साध्या फोटोवरूनही अंदाज येतो. बाल्ग आणि ब्वालो यांचा २००७ चा आयसिस स्कोअर : वय २० किंवा कमी २ गुण, स्पर्धात्मक खेळ २, भिडण्याचा किंवा हात डोक्यावर नेण्याचा खेळ १, सैल सांधे १, बाह्यवर्तनातल्या समोरच्या फोटोत हिल-सॅक्स दिसली तर २, ग्लेनॉइडची खालची कड पुसट असली तर २. सहाच्या वर गेलं तर दुर्बिणीतून केलेल्या बँकार्टनंतर पुन्हा निखळण्याचं प्रमाण त्यांच्या अभ्यासात ७० टक्के होतं. तुमच्या कबड्डीपटूचे फोटो पाहण्याआधीच पाच गुण झालेत. हिल-सॅक्स दिसली की सात.

हाड शाबूत आणि खाच ट्रॅकच्या आत असेल तर दुर्बिणीतून बँकार्ट. त्यातली यशाची जागा म्हणजे लॅब्रम मोकळं करणं. खाली सबस्कॅप्युलॅरिसचे (सांध्यापुढच्या स्नायूचे) लाल तंतू दिसेपर्यंत ते सोडवायचं आणि, वाटी घड्याळासारखी धरली तर, सहाच्या काट्यापर्यंत जायचं. उजव्या खांद्यात अँकर (दोरा धरणारे छोटे खिळे) तीन ते साडेपाचच्या दरम्यान, वाटीच्या काठावर. मानेवर घातले की लॅब्रम पुन्हा आतच चिकटतं. निदान तीन अँकर, भिडणाऱ्या खेळाडूत चार. पुढचं पोर्टल (अवजारं घालायचं छिद्र) सबस्कॅप्युलॅरिसच्या वरच्या कडेला अगदी लागून हवं, वर घेतलं तर सर्वांत खालच्या अँकरचा कोन मिळत नाही आणि तोच अँकर सर्वांत महत्त्वाचा. लिगामेंट दंडाच्या बाजूनं उखडलंय का हे त्याच वेळी पाहा, ते राहिलं तर बँकार्ट कितीही सुंदर झालं तरी खांदा निघेल. खाच ट्रॅकच्या बाहेर पण वाटीची तूट थोडी असेल तर जोडीला रेम्प्लिसाज, म्हणजे इन्फ्रास्पायनेटस (खांद्यामागचा स्नायू) खाचेत शिवणं.

२०-२५ टक्के तूट असेल तर लातार्जे, हे सर्वमान्य. १३.५ टक्क्यांच्या पुढेच भिडणाऱ्या खेळाडूत विचार सुरू व्हावा असं माझं मत. मिशेल लातार्जे यांनी ल्योंमध्ये १९५४ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. कोरॅकॉइडचा (फऱ्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या टोकाचा) २ ते २.५ सेंमीचा तुकडा स्नायूंसह काढून, सबस्कॅप्युलॅरिस वरचा दोन-तृतीयांश व खालचा एक-तृतीयांश अशा जागी तंतूंच्या दिशेनं फाकवून, वाटीच्या पुढच्या-खालच्या काठावर दोन स्क्रूंनी बसवायचा. हाड वाढतं, शिवाय हात वर नेला की जोडस्नायू झोळीसारखा डोक्याला अडवतो. तुकडा काठाशी समतल हवा. बाहेर डोकावला तर काही वर्षांत सांधा झिजतो, फार आत बसला तर खांदा निघतो. स्क्रू दोन बोटांच्याच जोरानं आवळा, जास्त आवळला की तुकडा उभा फुटतो. स्क्रू वाटीला समांतर हवेत, तिरपे आणि लांब गेले की मागे सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह लागते. मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह कोरॅकॉइडच्या टोकापासून साधारण ५ सेंमीवर स्नायूत शिरते, पण कधी बरीच जवळ असते. बोटानं चाचपल्याशिवाय खाली सोडवत जाऊ नका.

फिजिओ_नाशिक

पट्टा कोणताही असो, बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. ऑपरेशन न केलेल्या तरुणात पट्टा दोन ते तीन आठवडे पुरे, चाळिशीपुढे एकच आठवडा, नाहीतर खांदा आखडतो आणि तो सोडवणं निखळण्यापेक्षा जास्त त्रासाचं ठरतं. सहा आठवडे हात बाजूला ९० अंश उचलून बाहेर फिरवणं बंद. टॉवेल पाठीमागून घासणं, गाडीच्या मागच्या सीटवरची पिशवी घेणं, शर्ट डोक्यावरून काढणं या तिन्हींत नकळत तीच स्थिती येते, हे रुग्णाला नावानिशी सांगा. बटणाचा शर्ट, दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी.

बँकार्टनंतर चार आठवडे पट्टा, सहा आठवड्यांपर्यंत बाह्यवर्तन ३० अंशांच्या आत, जोराचे व्यायाम बारा आठवड्यांपासून. लातार्जेनंतर एक वेगळी काळजी : सहा आठवडे कोपर वाकवून वजन उचलायचं नाही. तो स्नायू हलवलेल्या हाडालाच जोडलेला आहे आणि हाड जुळण्याआधी त्याला ओढतो. पाण्याची बादलीसुद्धा दुसऱ्या हातानं. हाड जुळलंय हे तीन महिन्यांच्या सीटीवर पाहूनच पुढचा जोर.

कबड्डीकडे परतणं तारखेवर ठरवू नका. सहा महिने झाले तरी बाह्यवर्तनाची ताकद दुसऱ्या हाताच्या ९० टक्के नसेल, किंवा हात वर-बाहेर नेताना मुलगा चेहरा आकसत असेल, तर थांबा. साखळी पकडीत हात शेजाऱ्याच्या हातात गुंफलेला असतो आणि चढाईपटू निसटताना तो मागे ओढला जातो, नेमका त्याच दिशेनं. म्हणून सुरुवातीला एकट्याची घोट्याची पकड आणि चढाई, साखळी सगळ्यांत शेवटी. प्रशिक्षकाशी हे रुग्णासमोरच बोलून घ्यावं, मुलं आपणहून सांगत नाहीत.

ग्रामीण_एमओ

सर्वांचे आभार. मुलाला सीटीसाठी पाठवतोय, चित्र कसं मागायचं ते चिठ्ठीवर लिहूनच. भूलतज्ज्ञ मॅडम, एक राहिलं : रुग्ण नुकताच जेवून आला असेल तर?

भूलतज्ज्ञ_सोलापूर

मग गुंगी नाही. सांध्यातलं लिग्नोकेन आणि सरांची बाह्यवर्तनाची पद्धत, शिवाय डोक्याखालची बाजू ३० अंश उचललेली. लिग्नोकेनला उपाशीपोट लागत नाही, तुमच्यासारख्या ठिकाणी तोच त्याचा मोठा फायदा.